पडद्याकडे पाठ

रविवार, ८ जानेवारी १९८४

कंपनीने यंदाही डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाला आमच्याच खोकल्याच्या औषधाची जाहिरात. दरवर्षी मी हिच्यात दूधवाल्याचे खाडे मांडते. यंदा सहदेव म्हणाला, "आता मंडळाची कार्यवाह झालीस ना, मग जरा माणसासारखं काहीतरी लिही." म्हटलं, नवऱ्याचं वर्षातून एकदा तरी ऐकावं.

तर लिहिते. आमच्या भटवाडीच्या क्रीडा मंडळात मुलींच्या कबड्डीची जबाबदारी आजपासून माझ्याकडे आली. शिकवणार अर्थात धाकूअण्णाच. मीसुद्धा त्यांच्याच हाताखाली वाढले, शाळेत होते तेव्हापासून. त्यांच्या शब्दावर कंपनीने मला संघात घेतलं आणि पॅकिंगमध्ये चिकटवलं. गिरणीच्या संपात सहदेव घरी बसला तेव्हा चूल याच नोकरीवर पेटली. अण्णांचं नाव मी सकाळी देवाच्या नावाबरोबर घेते, त्यात काही वावगं नाही.

मुलींत एक कमल आहे. गोवंडीहून येते. सतरा वर्षांची, अंगाने काडी, पण चढाईला गेली की समोरच्या साती जणींची धांदल उडते. मे महिन्यात राज्याच्या कुमारी संघाची निवड आहे. तिथे ती दिसली तर कुठलीतरी कंपनी तिला नक्की उचलेल. वडील नाहीत, आई सोनूबाई इस्पितळात आया. त्या घराला नोकरीची फार गरज आहे.

कुमारी गटाला वजनाची मर्यादा असते, म्हणून अण्णा अधूनमधून मुलींची वजनं घेतात. व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत, जिथे गणपतीच्या मखराचं सामान असतं. दाराला कवाड नाही, मखराचंच जुनं मखमली कापड टांगलंय. कपड्यांचं वजन भरू नये म्हणून मुली अगदी थोड्या कपड्यांत काट्यावर चढतात. मी बाहेर पडदा धरून उभी राहते, खोलीकडे पाठ करून. व्यायामशाळेतली टगी मुलं डोकवायला टपलेलीच असतात. मी नुसते डोळे वटारले की पसार होतात. आमच्या वेळीही असंच चालायचं. अण्णा म्हणायचे, डोळे मीट, हलू नको, काटा थरथरतो. आम्हीही बावळटासारख्या डोळे मिटून उभ्या राहायचो.

रविवार, २२ जानेवारी

आज कमल वजनाला आलीच नाही. सरावाला होती, चढाया झकास केल्या, आणि वजनाच्या वेळी म्हणे पोटात दुखतंय. मी म्हटलं, "संक्रांतीचे तिळगूळ हाणलेस वाटतं. काटा दाखवेल म्हणून घाबरतेस?" बाकीच्या पोरी हसल्या. ती हसली नाही.

नंतर नळावर मला एकटी गाठून म्हणाली, "ताई, माझं वजन तुम्ही घ्या ना."

"अगं, मला कुठे त्यातलं कळतं? अण्णांचा हात बसलाय त्यावर."

तिने पायांवर पाणी ओतून घेतलं आणि गेली. पोरगी हल्ली फुगून असते. खेळ चांगला झाला की डोकं चढतं, माझंही चढलं होतं. पुढच्या वेळी उपास करून ये म्हणून सांगितलंय.

रविवार, ५ फेब्रुवारी

आज घाटकोपरला शाळेच्या सभागृहात बायकांची सभा होती. कंपनीतल्या मैत्रिणीने ओढून नेलं. अनुपमाबाई नावाच्या वकील बोलल्या. डिसेंबरात नवा कायदा झालाय म्हणे. ज्याच्या ताब्यात बाई आहे त्यानेच तिच्यावर हात टाकला तर जास्त कडक शिक्षा. पोलीस कोठडी, तुरुंग, सुधारगृह, इस्पितळ, असं त्यांनी एकेक सांगितलं.

मी आयुष्यात कधी सभेत बोलले नाही. पण आज कशी कोण जाणे उभी राहिले आणि विचारलं, "आणि खेळाचं मैदान?"

त्यांनी हातातला कागद पुन्हा पाहिला. म्हणाल्या, "मैदान त्यात नाही. कुणाला सुचलंच नसेल. तुम्हाला सुचलंय, तर कायदा येईपर्यंत तुमच्या मंडळापुरता नियम तुम्ही का करत नाही?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले ती हवेतच. बाहेरगावच्या स्पर्धांत काय काय होतं ते मला माहीत आहे. प्रेक्षकांच्या शिट्ट्या, घाणेरडे शेरे, कपडे बदलायला आडोसा नाही. एकदा मुलुंडला एका पंचाने आमच्या मुलीचा दंड धरून ठेवला होता. आपल्या मंडळात तसलं काही नाही, म्हणून तर नियम आपणच करायचा.

रविवार, १२ फेब्रुवारी

नियम लिहायला बसले. वाटलं होतं अवघड जाईल, पण भराभर सुचत गेलं. मुलींना कपडे बदलायला बंद खोली. बाहेरगावी संघाबरोबर एक बाई. शेरे मारणाऱ्याला मैदानाबाहेर काढायचं. आणि मुलींचं वजन बाईनेच घ्यायचं, तेव्हा खोलीत पुरुष नको.

हे शेवटचं सहदेवला वाचून दाखवलं. तो दाढी करत होता. आरशातूनच म्हणाला, "म्हणजे अण्णाक भायर काढतलंस?"

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. अण्णांना काय वाटेल? हिला मी घडवली आणि हिने माझ्यावरच संशय घेतला, असंच ना. मी ते खोडलं आणि लिहिलं, वजन घेताना एक जबाबदार स्त्री हजर राहील. सहदेव म्हणाला, आता बरा दिसता.

खोडताना कमल नळावर काय म्हणाली ते आठवलं. आठवलं हे खरं आहे, म्हणून लिहून ठेवते. पण पोरींचे नखरे धरून नियम करायचे म्हटलं तर मंडळ चालणार कसं?

रविवार, १९ फेब्रुवारी

समितीत नियम मंजूर झाला. अनुमोदन खुद्द अण्णांनी दिलं. उभे राहून म्हणाले, "वनमालान मंडळाचा नाव काढला." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

अध्यक्ष धोंडिरामभाऊंनी एक कलम वाढवलं. उद्या कुणी खोटीनाटी तक्रार केली तर? म्हणून तक्रार आल्यास हजर असलेल्या स्त्रीची साक्ष शेवटची मानायची. आणि ती स्त्री कोण, तर कार्यवाह वनमालाताई. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नऊ पुरुषांत मी एकटी बाई, आणि माझा शब्द शेवटचा. आईला हे पाहायला मिळायला हवं होतं.

रविवार, ४ मार्च

नव्या नियमाप्रमाणे पहिली वजनं झाली. मी हजर होते. नेहमीसारखा पडदा धरला, आत पाठ. मुलं आज जास्तच घोटाळत होती, त्यांना हाकलण्यात माझा जीव मेटाकुटीला आला.

कमलला उपाशीपोटी यायला लावलं होतं, आली. सर्वांत शेवटी आत गेली. मध्येच तिने "ताई" म्हणून हाक मारली. मी वळले नाही, आत बघायचं नसतं. म्हटलं, "नीट उभी राहा गं, होईल लवकर."

वजन मर्यादेत भरलं. अण्णा खूश होते. ती मात्र बाहेर आली ती तडक रस्त्याला लागली, चपलाही घातल्या नाहीत. निळ्या पट्ट्याच्या चपला दाराशी तशाच. मी पिशवीत घालून घरी आणल्यात. अनवाणी गोवंडीपर्यंत कशी गेली असेल कोण जाणे. उन्हाने डांबर तापायला लागलंय.

रविवार, ११ मार्च

काय लिहू.

सकाळी समितीपुढे कमल आणि सोनूबाई आल्या. सोनूबाई कामावरून परस्पर आली होती, अंगावर आयाचीच साडी. कमल म्हणाली, अण्णा वजन घेताना हात लावतात.

धोंडिरामभाऊंनी विचारलं, "कुठे?"

नऊ पुरुष बसलेले. पोरीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. सोनूबाई म्हणाली, "कुटं ते इचारू नगा. नगं तितं."

अण्णा शांत होते. म्हणाले, "मी काय बोलूचंय? नियम आसा. वनमाला हजर होती. तिका इचारा."

भाऊंनी मला विचारलं, "तू हजर होतीस?"

मी म्हटलं, "हो."

"काही वावगं दिसलं?"

"नाही."

दिसलं नाही, हे खरं आहे. भाऊ पुढे म्हणाले की त्या वस्तीतल्या पोरींना घ्यायचं तर हे असं होणारच, आपलीच चूक. तेव्हाही मी गप्प बसले. ठरलं ते असं, की कमल माफी मागेपर्यंत संघाबाहेर. निवडीला मंडळाची चिठ्ठी लागते, ती मिळणार नाही.

जाताना कमलने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखाद्या अनोळखी बाईकडे बघावं तसं पाहिलं.

सोमवार, १२ मार्च

मी खोटं बोललेले नाही. मी हजर होते आणि मला काही दिसलं नाही.

पॅकिंगमध्ये आज तीन वेळा झाकणं न लावता बाटल्या पुढे सरकवल्या. सुपरवायझर म्हणाला, "ताई, लक्ष कुठंय?"

रविवार, १८ मार्च

अण्णा शिमग्याला गावी गेलेत, पालखी नाचवूनच परततील. जाताना सांगून गेले होते, वजनं तू घे. म्हणून आज पहिल्यांदा मी पडद्याच्या आत गेले. एवढ्या वर्षांत, माझं स्वतःचं वजन झाल्यानंतर, पहिल्यांदा. बाहेर सहदेवला उभं केलं.

खोली किती लहान आहे. काट्यावर मुलगी चढली की दुसऱ्या माणसाला तिच्यापासून लांब उभं राहताच येत नाही, मागे मखराचे खांब टेकतात. तबकडी समोरच आहे, दारातून वाचता येईल एवढे मोठे आकडे. जवळ जायची गरजच नाही.

नंदा पहिली आली. सर्वांत धाकटी, अजून दोन वेण्या घालते. काट्यावर चढली, हात अंगाशी घट्ट धरले आणि डोळे मिटून घेतले. मी काही बोलायच्या आधी. चेहरा असा, जसं कुणी आता इंजेक्शन देणार आहे.

"डोळे का मिटलेस गं?"

"काटा हलतो ना ताई."

"उघड."

तिने उघडले. काटा जागचा हलला नाही. मग मी तिला म्हटलं, मान हलव, इकडे बघ, तिकडे बघ. काटा जरा लवला आणि पुन्हा तिथेच येऊन थांबला. डोळ्यांचा आणि काट्याचा काही संबंध नाही. ही गोष्ट कुणाही शहाण्या माणसाला कळायला हवी होती. मी पस्तीस वर्षांची आहे.

बाकीच्या पोरींची वजनं घेतली. सगळ्यांनी डोळे मिटले. घरी आल्यावर सहदेव काहीतरी विचारत होता, मला ऐकूच येत नव्हतं. मला माझं आठवत होतं. डोळे मिटल्यावर काय दिसणार? पण जे कळत होतं ते कळत होतं. ते चुकून झालं असेल, असं मी तेव्हा म्हटलं. मग पुढच्या वेळीही म्हटलं. मग म्हणायचीही गरज उरली नाही.

एवढंच लिहवतं.

रविवार, २५ मार्च

गोवंडीला गेले, चपला घेऊन. घर विचारत विचारत सापडलं. देवनारच्या कचऱ्याचा वास तिथे घरात बसलेल्या माणसाला येत नसावा, मला येत होता आणि नाकाला पदर लावायची लाज वाटत होती. कमल भांडी घासत होती. मला पाहून उठली नाही.

सोनूबाईने पाट दिला, पाणी दिलं. मी चपला ठेवल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमी आत व्हता का भाईर?"

"बाहेर. पाठ करून."

"मग त्येंच्याम्होरं तसं का नाय सांगितलं?"

मी म्हटलं, त्यांनी तसं विचारलं नाही. बोलता बोलताच मला माझी शिसारी आली.

तेवढ्यात कमल बोलली, भांड्याकडे बघतच. "मी हाक मारली होती. ऐकलीत तुम्ही. नीट उभी राहा म्हणालात."

मी तिची माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "नको ताई. माफी मलाच मागायला लावलीय तुम्ही लोकांनी. आधी ते बघा." आणि नळावर निघून गेली. सोनूबाईने चहा टाकला. तो मी सगळा प्याले.

रविवार, १ एप्रिल

जिल्हा संघटनेचं पत्र आलंय. माझा नियम सगळ्या संघांना लागू करणार, पुढच्या रविवारी मुलुंडच्या सभेत. माझा सत्कारही आहे. अण्णा गावाहून आलेत, येताना माझ्यासाठी कोकम आणि कुळथाचं पीठ आणलंय. दारात उभे राहून म्हणाले, "वनमाला, मुलुंडाक हिरवी साडी नेस गो. फोटो बरो येतलो." मी पीठ घेतलं. हात पुढे झालाच, सवयीने.

सहदेवला सगळं सांगितलं. माझंही. तो खिडकीशी गेला. मग म्हणाला, "नोकरी त्यांच्यामुळे हा, ता खरा. पण बाटल्यो तू भरतस, ते नाय." तो असं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तरी मी त्याला विचारलं, सांगू की नको? तो म्हणाला, माका विचारू नको.

म्हणजे तेही मलाच ठरवायचं.

रविवार, ८ एप्रिल

हिरवी साडी नेसले नाही.

मुलुंडच्या शाळेत सभा. सगळ्या मंडळांची माणसं, पुढच्या रांगेत अण्णा. नारळ झाला, शाल झाली, नियम वाचून दाखवला. दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हटलं, "हा नियम लागू करू नका. हा वाईट आहे. मीच केलाय म्हणून सांगते. हजर असणारी स्त्री मी होते आणि मी पडद्याबाहेर पाठ करून उभी होते. कमलने आतून हाक मारली, ती मला ऐकू आली आणि मी वळले नाही. समितीत मला विचारलं तेव्हा मी यातलं काही सांगितलं नाही."

कुणीतरी म्हणालं, तेव्हा का नाही सांगितलं? मी म्हटलं, "अण्णांसाठी. आणि माझ्यासाठी."

अण्णा उठले. आवाज चढवला नाही. माझ्याकडे बोट करून सगळ्यांना म्हणाले, "ह्या चेडवाचा वजन मी किती वर्सां घेतलंय. इचारा तिका. कधी काय झाला?"

सगळी सभा माझ्याकडे वळली. अण्णांची खात्री होती. माझ्या गप्प बसण्यावर त्यांची इतकी खात्री होती. मुलगी बापाला म्हणेल तशा आवाजात मी म्हटलं, "झालं, अण्णा. म्हणून तर तुम्ही डोळे मिटायला सांगायचात."

शाल मी खुर्चीवरच ठेवून आले.

रविवार, २२ एप्रिल

अण्णांनी प्रकृतीचं कारण देऊन शिकवणं सोडलं. समितीने तेच लिहून घेतलं, दुसरं कुणी काही लिहिलं नाही. धोंडिरामभाऊ माझ्याशी बोलत नाहीत. वाडीतल्या दोन बायकांनी मला रस्त्यात अडवून सुनावलं, देवमाणसाला म्हातारपणी धुळीला मिळवलंस. अण्णा समोरून आले तर मी अजून बाजूला होते. त्यांची दया येते, आणि ती का येते म्हणून स्वतःचा राग येतो.

वजन बाईनेच घ्यायचं, खोलीत पुरुष नको, हे मी खोडलेलं वाक्य जिल्ह्याच्या नियमात आलं. अनुपमाबाईंनी लिहून दिलं. कमलवरची बंदी उठली, निवडीची चिठ्ठीही झाली. ती मी स्वतः गोवंडीला पोचवली. म्हटलं, खोलीला आता कवाड आहे, कडी आतून लागते. कमलने चिठ्ठी घेतली, येते की नाही ते सांगितलं नाही.

आज आली. निळ्या पट्ट्याच्या चपला घालून. सरावात कुणाशी बोलली नाही. वजनाची वेळ झाली तेव्हा ती माझ्या मागोमाग खोलीत शिरली, कडी लावली आणि काट्याकडे बोट केलं.

"आधी तुम्ही."

मी पदर खोचला आणि चढले. ती दाराला टेकून उभी राहिली, होता होईल तितकी लांब. थोडा वेळ काहीच ऐकू येईना. मला वाटलं ती आकडा वाचते आहे.

"ताई," ती म्हणाली, "डोळे उघडा."